‘क्युअर’ कसा पाहावा: पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी, आणि एकदा पाहून गोंधळलेल्यांसाठी

कियोशी कुरोसावाचा ‘क्युअर’ (१९९७) संपला की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर ‘काही झेपलं नाही बुवा’ म्हणून सोडून देतात, नाहीतर फोन काढून शेवटाचा अर्थ उलगडून सांगणारे व्हिडिओ शोधायला लागतात. दुसरा प्रकार जास्त घातक. कारण त्या व्हिडिओंमध्ये कुणीतरी ठामपणे एक उत्तर हातात ठेवतो आणि मग सिनेमात पुन्हा डोकावायची गरजच वाटेनाशी होते.

माझं मत असं, की हा सिनेमा संदिग्ध असला तरी ढिसाळ अजिबात नाही. काय दाखवायचं, काय नुसतं कुणाच्या तोंडून वदवायचं आणि काय सरळ गाळायचं, याचा दिग्दर्शकाने चोख हिशेब ठेवलाय. तो हिशेब आपण मांडू शकतो. त्यासाठी जपानी संस्कृतीचा अभ्यास लागत नाही की चित्रपटशास्त्राची पदवी लागत नाही. थोडी शिस्त मात्र लागते.

गोष्ट अगदी थोडक्यात: टोकियोत एकामागून एक खून होतायत. प्रत्येक प्रेताच्या गळ्यापासून छातीपर्यंत मोठी फुली चिरलेली. पण खुनी दरवेळी वेगळा. तो जवळपासच सापडतो, गुन्हा कबूल करतो, आणि असं का केलं हे त्यालाच सांगता येत नाही. तपास करणारा डिटेक्टिव्ह ताकाबे. हे काम केलंय कोजी याकुशोने, ज्याला २०२३ मध्ये कान महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. तपास करता करता ताकाबे मामिया नावाच्या एका तरुणापर्यंत पोचतो. त्याला स्वतःबद्दल काही आठवत नाही, आणि दोन मिनिटांपूर्वी काय बोलणं झालं हेही आठवत नाही.

(दिग्दर्शकाचा प्रसिद्ध जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाशी काही नातेसंबंध नाही. आडनाव सारखं, एवढंच.)

पहिल्या दोन पायऱ्या सिनेमा न पाहता वाचायला हरकत नाही. तिसरीपासून सगळं उघड केलंय, शेवटासकट.

पायरी १: बसण्याआधी

सिनेमा १११ मिनिटांचा आहे. एका बैठकीत पाहा. अर्धा आज, अर्धा उद्या केलंत तर त्याची पकड सुटते आणि मग तो नुसता संथ वाटतो. मोबाइलवर तर नकोच. यातली माणसं बरेचदा कॅमेऱ्यापासून लांब, मोठ्या रिकाम्या खोलीच्या कोपऱ्यात असतात. सहा इंची पडद्यावर ती मुंगीएवढी दिसतील आणि नेमकी महत्त्वाची हालचाल निसटेल.

आवाज मूळ जपानी ठेवा, खाली सबटायटल्स. आणि हेडफोन असतील तर लावाच. पार्श्वसंगीत फार कमी आहे. त्याच्या जागी सतत काहीतरी घुमत असतं: कुठलं तरी यंत्र, वारा, लाटा, नळाचं पाणी. डब केलेल्या प्रतीत या थराचं वाटोळं होतं.

आता थोडी पार्श्वभूमी. फार नको, एकच वर्ष लक्षात ठेवा: १९९५. नव्वदच्या सुरुवातीलाच जपानच्या शेअर आणि जमिनींच्या भावांचा फुगा फुटलेला होता. १७ जानेवारी १९९५ ला कोबे परिसरात मोठा भूकंप झाला, ६,००० हून अधिक माणसं गेली. कुरोसावा मूळचा कोबेचाच. दोनच महिन्यांनी, २० मार्चला, ओम शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी टोकियोच्या मेट्रोत पाच गाड्यांमध्ये सारिन हा विषारी वायू सोडला. देशाला खरा धक्का बसला तो हल्लेखोर कोण होते हे कळल्यावर. त्यांत एक हृदयाचा सर्जन होता, विज्ञान शाखेचे उच्चशिक्षित तरुण होते. घरंदाज, शिकलेली, कालपर्यंत नाकासमोर चालणारी माणसं.

या सिनेमाचं आधी ठरलेलं नाव ‘धर्मप्रचारक’ अशा अर्थाचं होतं. ओम प्रकरणानंतर लोक त्याचा संबंध त्या पंथाशी जोडतील म्हणून ते बदललं. हे जुनं नाव मनात ठेवा, शेवटाला लागेल.

दुसरं बीज कुरोसावाने मुलाखतींत सांगितलंय. खुनाच्या बातमीत टीव्हीवर शेजाऱ्यांना विचारतात आणि शेजारी म्हणतात, ‘तो तर अगदी साधा, चांगला माणूस होता.’ आपण हे खोटं किंवा भाबडं समजून पुढे जातो. कुरोसावाला वाटलं, शेजारी खरंच बोलत असतील तर?

एक अपेक्षा मात्र दाराबाहेर काढून ठेवा. जपानी हॉरर म्हटलं की आपल्याला केस मोकळे सोडलेली, टीव्हीतून सरपटत येणारी बाई आठवते. ती लाट १९९८ च्या जानेवारीत सुरू झाली. ‘क्युअर’ त्याच्या जेमतेम महिनाभर आधीचा आहे. यात भूत नाही, दचकवणं जवळपास नाही.

पायरी २: पहिल्यांदा पाहताना

मध्ये थांबवू नका, मागे नेऊ नका, टिपणं काढू नका. एखादा दुवा सुटला तर सुटू दे. कथेचा मुख्य धागा सरळ आहे, तो सुटत नाही.

फक्त दोन गोष्टींकडे लक्ष असू द्या. एक, शॉट कापला जात नसेल तर कोपरे बघा, दारं बघा, मागची भिंत बघा. दोन, खुनांइतकंच लक्ष ताकाबेच्या घराकडे ठेवा. त्याची बायको फुमिए आजारी आहे. ती विसरते, हरवते. हे प्रसंग ‘आता कौटुंबिक भाग आला’ म्हणून चहा करायला उठण्याचे नाहीत.

सिनेमा संपला की लगेच कुणाशी बोलू नका. कागदावर किंवा फोनवर चार ओळी लिहा: शेवटी काय झालं असं तुम्हाला वाटलं? चूक-बरोबर कोण बघतंय! हे पहिलं वाटणं नंतर पुसलं जातं आणि मग परत मिळत नाही.

पायरी ३: तीन रकाने पाडा

इथून पुढे सगळं उघड.

एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात ‘दिसलं’, दुसऱ्यात ‘सांगितलं’, तिसऱ्यात ‘भासलं’. प्रत्येक महत्त्वाचा प्रसंग यांपैकी कुठे बसतो ते ठरवा. अख्ख्या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा, बाकी सोडलं तरी चालेल.

‘दिसलं’ या रकान्यात पहिला खून येतो. कुवानो नावाचा साधा मध्यमवयीन माणूस भुयारी रस्त्यातून चालत येतो, लोखंडी पाइप उपसतो, हॉटेलच्या खोलीत वेश्येच्या डोक्यात घालतो. वर चक्क हलकंफुलकं संगीत. पुढे पोलिस चौकीतला खून येतो. इथे जरा रेंगाळू या, कारण या सिनेमाची रीत यात पूर्ण कळते.

भरदिवसा, रस्त्याकडेची छोटी चौकी. कॅमेरा बाहेर, चांगला लांब उभा. दोन पोलिस आपापल्या कामात आहेत, रोजच्या दिवसासारखा दिवस. त्यांतला ओइदा पिस्तूल काढतो आणि सहकाऱ्याला मागून गोळी घालतो. मग शांतपणे त्याला आत ओढत नेतो. कॅमेरा जवळ जात नाही, ओइदाचा चेहरा मोठा करून दाखवत नाही, संगीत वाढत नाही. बाकी कुठल्याही सिनेमात या क्षणी आपल्याला त्या माणसाचे डोळे दाखवले असते, म्हणजे आपण त्यांत वेड किंवा राग शोधला असता. इथे ती सोयच ठेवलेली नाही. खून हाही त्या दिवसाच्या कामांपैकीच एक असल्यासारखा उरकला जातो.

आता गंमत बघा. खून स्पष्ट दिसतात. पण खुनाला प्रवृत्त करणारी जी गोष्ट आहे, म्हणजे मामियाचं संमोहन, ती अर्धवट दिसते. समुद्रकिनाऱ्यावर भेटलेला शिक्षक मामियाला घरी आणतो. मामिया लायटर पेटवतो, ‘तुझ्या बायकोबद्दल सांग’ म्हणतो. दृश्य संपतं. नंतर कळतं ते एकदम बायको मेलेली आणि शिक्षक खिडकीतून उडी मारणारा. ओइदाच्या बाबतीतही तसंच. डॉक्टर मियाजिमा हिच्या वेळी आपल्याला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं, पण शेवटची कडी तिथेही नाही. म्हणजे सुरुवात ‘दिसलं’मध्ये, परिणाम ‘दिसलं’मध्ये आणि मधला दुवा कुठल्याच रकान्यात नाही. मामियाने ‘जा आणि मार’ असं कुणाला सांगितल्याचं सिनेमात कुठेही नाही. हे एकदा कागदावर पाहिलं की ‘मामिया हा खलनायक’ हे वाक्य जरा डळमळायला लागतं.

‘सांगितलं’ या रकान्यात मानसोपचारतज्ज्ञ साकुमा येतो. संमोहनाचा इतिहास, मामिया हा वैद्यकीचा विद्यार्थी असल्याची माहिती, एका जुन्या पंथाबद्दलचे तर्क, हे सगळं त्याच्या तोंडून किंवा कागदपत्रांतून येतं. साकुमा हुशार आहे, पण पुढे तो स्वतःच घसरत जातो, त्याच्या घरच्या भिंतीवरही फुली उमटते. त्यामुळे त्याची साक्ष घ्यायची, पण हातचं राखून.

‘भासलं’मध्ये सगळ्यात ठळक म्हणजे ताकाबे धावत घरी येतो आणि त्याला बायको स्वयंपाकघरात गळफास घेतलेली दिसते. तो कोसळतो. आणि ती आतून येऊन विचारते, काय झालं? इथे दिग्दर्शकाने आपल्याला फसवलं आणि लगेच कबूलही केलं. पण त्यानंतर बसचा प्रसंग येतो. खिडक्यांबाहेर रस्ता नाही, नुसते ढग. तो भास होता असं कुणीही येऊन सांगत नाही. म्हणजे सिनेमा आधी एक भास खूण करून दाखवतो आणि मग खूण न करता भास मिसळायला लागतो. बसनंतरचं सगळं, अगदी शेवटाचं दृश्यसुद्धा, नेमकं कुठल्या रकान्यात घालायचं याबद्दल तुम्ही अडखळाल. अडखळलंच पाहिजे. तिथे प्रश्नचिन्ह काढा आणि पुढे चला.

पायरी ४: मामिया काय विचारतो आणि समोरचा काय उत्तर देतो

मामियाकडे शस्त्र एकच: प्रश्न. ‘हे कुठलं ठिकाण?’ ‘तू कोण?’ समोरचा उत्तर देतो, मामिया विसरतो, पुन्हा तेच विचारतो. पहिल्यांदा पाहताना याचा वैताग येतो. दुसऱ्यांदा पाहताना उत्तरं ऐका. शिक्षक सांगतो तो शिक्षक आहे, पोलिस सांगतो तो पोलिस आहे, डॉक्टर सांगते ती डॉक्टर आहे. कुणाहीजवळ दुसरं उत्तर तयार नसतं.

याचा कळस म्हणजे मुख्यालयातल्या बड्या अधिकाऱ्यांसमोर मामियाला उभं करतात तो प्रसंग. फुजिवारा नावाचा अधिकारी त्याची झाडाझडती घ्यायला बसलाय. मामिया उलट त्यालाच विचारतो, तू कोण? तो म्हणतो, मुख्यालयाचा फुजिवारा. मामिया म्हणतो, मुख्यालयाच्या फुजिवारा, तू कोण आहेस? फुजिवारा चिडतो, प्रश्नाचा अर्थ काय म्हणून ओरडतो, पण हुद्दा सोडून त्याच्याकडे सांगायला काही निघत नाही. सबटायटल्समध्ये पूर्ण उतरत नाही अशी एक गोष्ट म्हणजे मामिया वरिष्ठांशीही अगदी एकेरीवर, मित्राशी बोलावं तसा बोलतो. जिथे शाळकरी मूलही समोरच्याचा मान पाहून क्रियापद बदलतं, तिथे हे केवढं खटकत असेल! आपल्याकडे एखाद्या आरोपीने पोलिस आयुक्तांना ‘काय रे, तू कोण?’ विचारलं तर खोलीत जी शांतता पसरेल, तशी कल्पना करा.

नंतर तो हळूच खाली उतरतो, हुद्द्याच्या खाली जे दाबलेलं असतं तिथे. मियाजिमाला तो आठवण करून देतो की तिला सर्जन व्हायचं होतं, शिकताना पुरुषाचं प्रेत कापताना तिला काय वाटलं होतं. बायकांना कमी लेखणाऱ्या व्यवस्थेत ती हे सगळं गिळून बसलेली. नंतर ती सार्वजनिक स्वच्छतागृहात एका अनोळखी पुरुषाला मारते आणि त्याच्या चेहऱ्याची कातडी सोलते. म्हणजे मामियाने बाहेरून काही आत घातलं नाही. आत होतं त्यावरचं झाकण उचललं. माझ्या मते ‘क्युअर’ हे नाव याच अर्थाने वाचायचं: हे लोक खून केल्यावर ‘बरे’ होतात, मोकळे होतात. कबुली देताना त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ असतो, पण पश्चात्ताप शोधून सापडत नाही.

मामिया स्वतःबद्दल म्हणतो की पूर्वी जे त्याच्या आत होतं ते आता बाहेर आलंय, म्हणून त्याला दुसऱ्यांच्या आतलं दिसतं, आणि तो स्वतः रिकामा आहे. हे वाक्य ठळक अक्षरात लिहून ठेवा.

फुली, आग, पाणी यांच्या अर्थांबद्दल लोक पानंच्या पानं लिहितात. मला त्यात फार रस नाही. संमोहनाच्या वेळी एकतर लायटरची ज्योत असते नाहीतर वाहतं, ठिबकतं पाणी असतं, हे टिपलंत तरी पुरे. त्यामुळे पुढे एखाद्या साध्या प्रसंगात छताला ओल दिसली की आपसूक सावध व्हाल. फुलीचा एकच उपयोग करा: ती कुठे कुठे दिसते ते मोजा, आणि ती काढणारा प्रत्येक वेळी मामियाला भेटलेला होता का ते तपासा.

पायरी ५: ताकाबेच्या घरी जा

सिनेमाची सुरुवात खुनाने होत नाही. ती फुमिएने होते. ती दवाखान्यात डॉक्टरसमोर बसून पुस्तकातून ‘निळदाढ्या’ची गोष्ट वाचतेय: बायकांना मारून बंद खोलीत ठेवणारा नवरा. शार्ल पेरोने १६९७ मध्ये छापलेली युरोपातली ही जुनी कथा. म्हणजे पहिल्याच मिनिटाला दिग्दर्शकाने विषय सांगून टाकलाय आणि आपण पाइप आणि फुलीच्या नादात तो विसरतो.

आता घरातले प्रसंग सलग आठवा. फुमिए रिकामं वॉशिंग मशीन चालू करून ठेवते, ताकाबे येऊन बंद करतो. ती बाहेर जाते आणि रस्ता चुकते. दोघं ओकिनावाला जायच्या गप्पा मारतात. एका संध्याकाळी ती ताटात कच्चं मांस वाढते. ताकाबे कधीच आवाज चढवत नाही. तो सोशिक नवरा आहे, ऑफिसात शिस्तीचा अधिकारी आहे, आणि दोन्ही कप्पे त्याने काळजीपूर्वक वेगळे ठेवलेत.

लाँड्रीतला प्रसंग बघा. ताकाबे ड्रायक्लीनिंगचे कपडे न्यायला आलाय. शेजारी उभा असलेला एक गृहस्थ स्वतःशी संतापाने काहीबाही पुटपुटतोय. काउंटरवरचा माणूस येताच तो एकदम सभ्य होतो. कथेशी या गृहस्थाचा काडीचा संबंध नाही, तो पुन्हा येत नाही. सिनेमाच्या दृष्टीने मात्र तो फार महत्त्वाचा, कारण त्याला मामिया भेटलेलाच नाही. झाकणाखाली उकळणारी माणसं या शहरात आधीपासूनच आहेत.

मग कोठडीतला प्रसंग येतो. ताकाबे आणि मामिया एकटेच. मामिया त्याच्या बायकोचा विषय काढतो आणि इतका वेळ गप्प असलेला ताकाबे फुटतो. बायको ओझं झालीय, तुमच्यासारखे वेडे मजेत राहतात आणि आमच्यासारख्यांनी निस्तरायचं, असं सगळं बाहेर येतं. बाहेर पाऊस, छतातून पाणी ठिबकतंय. आधी केलेलं ‘पाणी’चं टिपण इथे कामाला येतं: तपास करणाऱ्या अधिकाऱ्यावर इथे संमोहन झालं का? आपल्याला मधला दुवा याहीवेळी दाखवलेला नाही.

पायरी ६: इतिहासातलं खरं किती

आपल्याकडचा प्रेक्षक हे पाहताना चटकन ‘वशीकरण’ किंवा ‘भानामती’ म्हणून मोकळा होतो. तसं करू नका. सिनेमा जाणूनबुजून जादूटोणा आणि वैद्यक यांच्या सीमेवर उभा आहे, आणि ती सीमा इतिहासात खरोखर धूसर होती.

मामियाच्या खोलीत मेस्मरवरची पुस्तकं सापडतात. फ्रान्झ आंतोन मेस्मर (१७३४–१८१५) हा खरा माणूस. शरीरात एक अदृश्य चुंबकीय प्रवाह असतो आणि तो वळवून रोग बरे करता येतात, असा त्याचा दावा. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने तो फेटाळला. त्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लावोआझिए होते. संमोहनाची वंशावळ मात्र मेस्मरपासूनच सुरू होते. म्हणजे जन्मापासूनच हे ‘बरं करण्याचं’ तंत्र.

जपानमध्येही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला संमोहनाची मोठी लाट आली होती. टोकियो विद्यापीठातल्या फुकुराई तोमोकिची यांनी त्यावर प्रबंध लिहिला आणि पुढे ते अतींद्रिय दृष्टीचे प्रयोग करायला लागले. १९०८ च्या पोलिस नियमांत तर ऊठसूट संमोहन करणाऱ्याला शिक्षा ठेवली होती. सरकारला भीती वाटावी इतकं ते पसरलं होतं.

साकुमा ताकाबेला जी जुनी फीत दाखवतो, ज्यात एका बाईसमोर कुणाचा तरी हात हवेत फुली काढतो, ती आणि त्यामागचा पंथ हे सिनेमाने रचलेलं. पण सिनेमॅटोग्राफ, म्हणजे हलती चित्रं टिपून दाखवणारं यंत्र, १८९७ मध्ये जपानात आलं होतंच, त्यामुळे शतकाच्या शेवटची अशी फीत असू शकली असती असं वाटतं. खऱ्याच्या इतकं जवळ नेऊन ठेवलेलं हे खोटं आहे. त्या जुन्या संमोहकाच्या फोटोत चेहरा पुसट आहे. त्याची ओळख पटवायच्या भानगडीत पडू नका. तिथे कुणाचाही चेहरा बसावा अशीच ती सोय आहे.

पायरी ७: शेवटची दहा मिनिटं

मामिया निसटतो. ताकाबे त्या ढगांतल्या बसने एका पडक्या इमारतीत पोचतो. मामिया तिथे आहे. ताकाबे त्याला गोळी घालतो, सगळं आठवलं का असं त्याला विचारतो, मामिया हो म्हणतो आणि ताकाबे पुन्हा गोळ्या घालतो. मरता मरता मामियाचं बोट हवेत फुली काढायला उचलतं. मग ताकाबेला आत एक जुनं ध्वनिमुद्रण यंत्र सापडतं, त्यातून घोगरा, तुटक आवाज येतो. पुढे क्षणभर, डोळ्याची पापणी लवली तर चुकेल इतका वेळ, ढकलत नेलेलं प्रेत दिसतं: फुमिए, गळ्यावर फुली. आणि मग रेस्टॉरंट. ताकाबे जेवतो, कॉफी घेतो, सिगारेट ओढतो, फोनवर कामाचं बोलतो. वेट्रेस ताट उचलते, मागे जाते, कुणीतरी तिच्याशी दोन शब्द बोलतं, आणि ती सुरी उचलून चालायला लागते. संपला.

यावर साधारण तीन वाचनं चालतात.

पहिलं: ताकाबे हा नवा प्रचारक झाला. मामिया हा फक्त मधला वाहक होता, त्याने योग्य माणूस शोधून वारसा दिला. जुनं नाव याच बाजूने बोलतं. ते ध्वनिमुद्रण, तो ‘आठवलं का’ हा प्रश्न, फुमिएचं प्रेत, सगळं इकडे झुकतं.

दुसरं: ताकाबेने काही केलेलं नाही. ही साथ आहे आणि ती शहरात आपोआप पसरतेय. याला बळ देणारा पुरावा म्हणजे लाँड्रीतला गृहस्थ. शिवाय ताकाबे वेट्रेसशी काहीच विशेष बोलत नाही, ज्योत दाखवत नाही, प्रश्न विचारत नाही.

तिसरं: बसपासून पुढे सगळं ताकाबेच्या डोक्यात. हे वाचन चुकीचं ठरवता येत नाही, पण ते घेतलं की बाकी सगळं निरर्थक होतं, आणि इतका काटेकोर सिनेमा शेवटी ‘स्वप्न होतं’ म्हणेल हे मला पटत नाही.

माझा कौल पहिल्याला, एका दुरुस्तीसह. याच रेस्टॉरंटचं आधीचं दृश्य शोधून काढा. तेव्हाही ताकाबे तिथेच जेवायला बसला होता आणि ताट जवळपास न खाता परत गेलं होतं. शेवटी ताट रिकामं आहे. खांदे सैल, चेहरा शांत. हा ‘दिसलं’ या रकान्यातला पुरावा आहे, तर्काचा नाही. ताकाबे बरा झालाय. फुमिएला त्याने स्वतः मारलं की दुसऱ्या कुणाकरवी, हे कधीच कळणार नाही, पण तिचं ओझं उतरलंय आणि त्याला भूक लागते आहे. वेट्रेससाठी त्याला ज्योत लागत नाही, प्रश्न लागत नाही. मामियाला जे बोलून करावं लागायचं ते याच्या नुसत्या असण्याने होतंय. दुसऱ्या वाचनातली ‘आपोआप’ची शंका इथे पहिल्यात सामावून जाते.

तुमचा कौल वेगळा असेल तर उत्तम. फक्त तो रकान्यांवर टेकलेला असू दे.

पायरी ८: पुन्हा पाहणं आणि पुढे

दुसऱ्यांदा पाहायला आठवडाभर तरी जाऊ द्या. त्या वेळी थांबवा, मागे न्या, टिपणं काढा, सगळं माफ. पायरी २ मध्ये लिहिलेल्या चार ओळी मग काढून बघा.

मित्रांसोबत पाहणार असाल तर चर्चा ‘शेवट कळला का’ने सुरू करू नका, सगळ्यात हुशार वाटणारा माणूस दोन मिनिटांत निकाल लावतो आणि बाकीचे माना डोलावतात. त्याऐवजी प्रत्येकाला एकच विचारा: मामियाने तुझ्यासमोर लायटर पेटवला असता तर त्याने तुझ्या कुठल्या माणसाचा विषय काढला असता? उत्तर मोठ्याने द्यायची सक्ती नाही.

हा पचला तर कुरोसावाचाच ‘कैरो’ (२००१) घ्या. इंटरनेट, एकटेपणा आणि भुतं. तिथे भुतं खरोखर आहेत, पण गाळलेल्या दुव्यांची रीत हीच, आणि तीन रकाने तिथेही चालतात. त्यानंतर ‘करिश्मा’ (१९९९), ज्यात पुन्हा याकुशो आहे आणि सगळा झगडा एका झाडावरून. तो याहून अवघड, म्हणून शेवटी. ‘कैरो’चा २००६ चा अमेरिकी रिमेक कुठे समोर आला तर सरळ पुढे सरका. त्यात सगळं समजावून सांगितलंय.